लाल कॅमेरा आणि तात्यांचा खोकला

गाडीत कॅमेरा बसवणारा माणूस निम्मं आयुष्य डॅशबोर्डखाली उताणा पडून काढतो. डोकं ब्रेकपाशी, पाय दाराबाहेर, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, आणि वर उभा राहून मालक विचारतोय, "व्हतंय का न्हाई?" आळेफाट्याला माझी अशी बरीच वर्षं गेली. सुरुवातीला हॉर्न, दिवे, टेपरेकॉर्डर. मग गाडी मागे घेताना कोकलणारं ते यंत्र. आणि मग कॅमेरे आले. आता गुडघ्यांनी आणि मानेने एकदमच संप केल्यामुळे दुकान पुतण्या बघतो, आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. हे कामही मला बरं जमतं, असं तोच म्हणतो.

बायकोचं म्हणणं वेगळं. "तुमाला वायरीपेक्षा लोकांच्या भानगडीत गोडी," ती म्हणते. खोटं कशाला बोलू? आहे गोडी. बिघडलेला हॉर्न उघडला तर आत गंजलेली तार निघते, संपलं. पण बिघडलेला कॅमेरा उघडला तर आत माणूस निघतो. तार कशी तुटली हे मला कळतं, माणूस असं का वागला हे कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्यामागे मी लागतो. लहानपणापासूनची खोड आहे, जायची नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. समोरच्या काचेला, आरशाच्या मागे, एक डबी चिकटवलेली असते. तिला दोन डोळे. एक रस्त्याकडे बघतो, दुसरा गाडीच्या आत, चालवणाऱ्याकडे आणि मागच्या सीटांकडे. किल्ली फिरवली की चित्रण सुरू होतं, काढली की जरा वेळाने थांबतं. सगळं साठतं नखाएवढ्या कार्डावर. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावरच नवं, शाळेतल्या पाटीसारखं. म्हणून रस्त्यात काही झालं की पहिलं काम कार्ड काढून खिशात घालायचं. गाडी तशीच फिरवत राहिलात तर तुमचा पुरावा तुमच्याच चाकाखाली पुसला जातो. डबीत सिमकार्ड टाकलं तर मालकाला घरी बसून मोबाइलवर थेट दिसतं. आणि त्या डबीला एक कानही असतो. डोळ्यांची धास्ती सगळ्यांना असते, कान कुणाच्या लक्षात राहत नाही. मी हे सगळं मालकाला सांगायचो. चालवणाऱ्याला मालक सांगेल, असं धरून चालायचो.

बिघाड म्हणाल तर बहुतेक फुटकळ. धक्क्याने अर्थिंग सुटतं, कार्ड झिजतं, धूळ बसते. पण आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बाजूला एक बिघाड असा आहे की तो कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही. दसऱ्यानंतर ओतूरकडून एक दुधाची गाडी आली. मालक म्हणाला, सगळं लाल दिसतंय. बघतो तर काचेवर हळदीकुंकवाचं बोट. खंडेनवमीला गाडीची पूजा केली, इंजिनाची केली, आणि मालकाच्या आईने कॅमेऱ्यालाही कुंकू लावलं. आई गाडीतच बसलेली होती. मी म्हणालो, "आजी, डोळ्यात कुंकू घालतं व्हय कुणी?" तर म्हातारी म्हणाली, "डोळा हाय का तो? मला वाटलं कपाळ."

तेव्हापासून मला छंदच लागला. त्या डबीत प्रत्येकाला काय दिसतं ते बघायचं. घोडेगावकडचा एक रुग्णवाहिका चालवणारा रोज सकाळी गाडीत बसला की कॅमेऱ्याला हात जोडायचा. कुणाला तिच्यात पोलीस दिसे, कुणाला बायको. डबी तीच, कंपनी तीच.

तात्यांची गाडी आली तेव्हा मला आधी कुंकूच आठवलं.

तात्या राजुरीच्या पलीकडच्या एका वाडीतले. उंच, पांढरी टोपी, आवाज असा की शेजारच्या शिवारात ऐकू जावा. आणि त्यांचा तो खोकला. वाक्य सुरू करायच्या आधी दोन लहान आणि एक मोठा, असे तीन खोकले काढायचेच. फाट्यावर कुठल्याही टपरीत ते असले तरी मला माझ्या दुकानात कळायचं. त्यांच्याकडे एक शाळेची गाडी होती. वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करून शाळेत न्यायची आणि आणायची. गाडी मुलगा चालवायचा, पण टोमॅटोची क्रेट उचलताना त्याची कंबर गेली आणि त्याला तासभर बसणं मुश्कील झालं. मग सूनबाई पुढे आली. सुनंदा तिचं नाव. माहेरी ट्रॅक्टर चालवलेली पोरगी, लायसन्स काढून मोकळी झाली. तात्यांना ते आधी पटेना. वाडीतली सून गाडी चालवणार म्हणजे काय, लोक काय म्हणतील. पण परक्या ड्रायव्हरच्या हातात पोरं द्यायची म्हटल्यावर, घरची बरी, असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. वर्षभरात तिने असा जम बसवला की पोरांच्या आया तिच्याच गाडीसाठी अडून बसायला लागल्या.

पुढे शाळेने अट घातली की गाडीत कॅमेरा पाहिजे आणि त्यात चालवणारा दिसला पाहिजे. तात्या स्वतः गाडी घेऊन आले, मी बसवून दिला, त्यांच्या मोबाइलवर चित्र सुरू करून दिलं. ते बघून म्हातारा लहान पोरासारखा खूश झाला. "म्हंजी मी पारावर बसून गाडी बघायची?" मी म्हणालो, "हवं तेव्हा बघा." आवाज ऐकायचा तर स्पीकरची खूण दाबावी लागते, तेही सांगितलं. पण तोवर ते चित्रात रंगले होते.

थोड्याच दिवसांत तीन खोकले दुकानाच्या दारात ऐकू आले.

"कॅमेरा कसला दिला राव? घरी असला की बरा दिसतो, रस्त्याला लागला की नुसता लाल."

"कुंकू लावलंय का कुणी?"

"मी काय येडा हाय? पुसून बघितला. घरी आणला की पुन्हा बरा."

घरी बरा आणि रस्त्यावर लाल. असा बिघाड मी आयुष्यात ऐकला नव्हता. ऊन पडून चित्र पांढरं होतं, गरम होऊन बंद पडतं, पण लाल? मी म्हणालो, गाडी पाठवा, कार्ड बघतो. खरं सांगतो, त्या दिवशी जेवणावर लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत सोडून सुनंदाच गाडी घेऊन आली. मी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. ती बाहेर गाडीपाशी उभी राहिली. चित्र सुरू झालं. सकाळची वेळ, अंगणात गाडी, सुनंदा डोक्यावर पदर घेऊन ताठ बसलेली, फोटो काढायला बसल्यासारखी. गाडी अंगणातून निघाली, वाडीतून गेली, शेवटचं घर मागे पडलं. तिथे गाडी थांबली. एक हात पुढे आला, हिरव्या बांगड्या दिसल्या, आणि वरून काहीतरी लाल खाली आलं. पुढचं सगळं लाल. परतीला नेमकं त्याच घरापाशी लाल वर उचललं गेलं, आणि बाई पुन्हा पदर घेऊन ताठ बसलेली.

खण होता तो. ओटीचा असतो तसा, लाल, काठाचा. डबीवर पडद्यासारखा टाकलेला.

मी पुढचा दिवस बघितला, त्याच्या पुढचा बघितला. रोज तेच. माणूस झाकतो म्हणजे काहीतरी लपवतो, हे कुणीही म्हणेल. पण लपवणारा माणूस आधी इकडेतिकडे बघतो, हे मी पुष्कळ चित्रणं पाहून शिकलोय. ही बघत नव्हती. देवघराचा पडदा सारावा तितक्या सहज ती खण टाकत होती. मला काही राहवेना. बाहेर गेलो आणि सरळ विचारलं, "ताई, ह्या कॅमेऱ्यावर खण का टाकता?"

ती दचकली नाही. तिने उलटं मलाच विचारलं, "भाऊ, ह्याच्यातून आत्ता कोण बघतंय?"

"आत्ता कार्डच काढलंय. एरवी तात्या बघतात, त्यांच्या मोबाइलवर."

"मग झालं तर," ती म्हणाली. "सासऱ्यांच्या म्होरं बसून गाडी चालवायची व्हय मी?"

मला आधी काही उमगेना. मग तिने समजावून सांगितलं, आणि ते माझ्यासारख्या वायरी जोडणाऱ्याच्या डोक्यात कधी आलंच नसतं. त्यांच्या घरात सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, हा नेम. तात्यांनी कधी दटावलं होतं असंही नाही, पण सासू पाळत आली, म्हणून सूनही पाळते. आता पदर डोक्यावर घेतला की तो कानावरून पुढे येतो, आणि बाजूचा आरसा दिसत नाही. "मागनं मोटारसायकल आली तरी कळत न्हाई. पोरं बसल्यात गाडीत. मग पदर खाली घेते. पण ती डबी बघती ना. डबी बघती म्हंजी मामंजी बघत्यात. म्हून मग डबीलाच पदर घातला."

मला हसू आलं आणि लगेच जिरलंही. तिने चेष्टा केलेली नव्हती. आरसा दिसला पाहिजे हेही खरं आणि सासऱ्यांचा मान राहिला पाहिजे हेही खरं, आणि दोन्ही तिने एका खणात बसवलं होतं.

"तात्यांना सांगा की सरळ," मी म्हणालो.

"काय सांगू? तुमच्या म्होरं पदर काढू का, असं इचारू?"

तिचंही बरोबर होतं. असलं विचारायलाही तोंड लागतं. मी म्हणालो, मला चार दिवस द्या, काहीतरी तोड काढतो, तोवर खण टाकू नका. ती बरं म्हणाली. ते बरं कसलं होतं ते मला तेव्हाच कळलं. मी डबीची दिशा बदलता येईल का ते बघत होतो, पण शाळेची अट चालवणारा दिसलाच पाहिजे अशी. तात्यांना मी मोघम सांगितलं, बिघाड सापडलाय, जरा दम धरा.

तेवढ्यात ते घडलं.

शाळेतून पोरं घेऊन येताना, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वळणावर, शेतातल्या वाटेने एक मोटारसायकल एकदम रस्त्यावर आली. मागे गवताचा भारा. सुनंदाने ब्रेक मारला. गाडी जागेवर थांबली, पण मोटारसायकलवाला घाबरून घसरला आणि त्याचं कोपर सोललं. गाडीत पुढच्या सीटवरच्या एका पोरीचा ओठ दांडीवर आपटून फुटला. पोरगी बरी होती, दोन दिवसांत ओठाची सूज उतरली. पण मोटारसायकलवाल्याने तिथेच बोंब मारली की बाई फोनवर बोलत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तिचं तोंड चालू होतं.

ही गोष्ट वाडीत गाडीच्या आधी पोचली. पोरीचा बाप शाळेत गेला. सुनंदाने शहाणपण केलं, कार्ड लगेच काढून ठेवलं होतं. पण शाळेत आवाज न लावता बघितलं तर पुढच्या डोळ्यात मोटारसायकल दिसली, आणि आतल्या डोळ्यात नुसतं लाल. मग काय, चोराच्या मनात चांदणं, असं जो तो म्हणू लागला. फोनवर बोलायचं होतं म्हणूनच झाकला. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं की सोमवारी सगळ्यांनी या, तोवर गाडी बंद. सोमवारी खुलासा झाला नाही तर सुनंदाला गाडीवरून काढणार, हे उघड होतं. आणि तात्या तर म्हणाले म्हणे, दुसरा ड्रायव्हर बघतो.

कार्ड माझ्याकडे आलं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही चित्र लाल आहे असं सांगून परत दिलं असतं. पण मी चित्र बघत नव्हतो. खण डोळ्यावर होता, कानावर नव्हता. मी आवाज वाढवला.

पोरांचा कलकलाट. कुणीतरी कुणाची बाटली घेतलेली. मग दोनतीन पोरं एकदम म्हणाली, "काकू, तात्या करा ना, तात्या." सुनंदा म्हणाली, "नको रे, उशीर झाला." पोरं म्हणाली, "एकदाच." आणि मग माझ्या दुकानात तात्या खोकले. दोन लहान, एक मोठा. शपथेवर सांगतो, मी दाराकडे बघितलं.

"सूनबाई," लाल अंधारातून तात्यांचा आवाज आला, "च्या झाला का न्हाई अजून? आणि हा कॅमेरा का लाल दिसतोय? मी काय आंधळा झालो व्हय? हॅलो, हॅलो, कॅमेरा, ऐकतोस का?" पोरं खिदळत होती. "ए पोरांनो, ही गाडी हाय का जत्रा? गप बसा, न्हाईतर एकेकाला कांद्याच्या चाळीत..." आणि तिथे ब्रेकचा आवाज, पोरांची किंकाळी, आणि सुनंदाचा स्वतःचा आवाज, एकदम वेगळा: "धरून बसा. कुणाला लागलं? हलू नका कुणी."

मी खुर्चीत मागे टेकलो. बाई सुटली, हे पहिलं डोक्यात आलं. फोनवर ती बोलत नव्हती, पोरांशी बोलत होती, तोंड का चालू होतं तेही कळलं. आणि पाठोपाठ दुसरं डोक्यात आलं, बाई मेली. हे ऐकवायचं म्हणजे तात्यांच्या देखत ऐकवायचं. ज्या सासऱ्यासमोर पदर पडू नये म्हणून तिने डबी झाकली, त्याच सासऱ्याची नक्कल, खोकल्यासकट, शाळेच्या ऑफिसात, चार लोकांत. शाळेत वाचेल आणि घरात मरेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकली तर गाडी जाते आणि उघडली तर घर. मला काय करावं ते सुचेना, म्हणून ज्याची मूठ त्यालाच विचारायचं ठरवलं.

सुनंदा आली. मी तिला ऐकवलं. आधी ती हसली, आपणच केलेली नक्कल ऐकून माणूस हसतो तशी. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"ह्याला ऐकू बी येतं?"

"येतं. मी तात्यांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"मामंजींनी ऐकलं असंल का?"

"नाही. ते चित्रच बघतात. स्पीकर कधी दाबला नसेल."

बाहेर पुतण्या एका ट्रकचा हॉर्न तपासत होता, तो परत परत वाजत होता. मग ती म्हणाली, "भाऊ, गाडी गेली तर दुसरा कुणी येईल. पोरं जातील शाळेत, त्याचं काय न्हाई. पण मला सकाळी ती किल्ली हातात घेतल्यावर जे वाटतं ना..." डोळे पुसून म्हणाली, "लावा तुमी. चोरटी म्हणून घरी बसण्यापरास उद्धट म्हणून बसते."

सोमवारी ऑफिसात मोठ्या बाई, त्या पोरीचा बाप, कोपराला पट्टी बांधलेला मोटारसायकलवाला, तात्या, दाराशी सुनंदा आणि मी. मी सगळ्यांना सांगितलं की चित्र लाल आहे पण आवाज आहे, आणि आवाज शेवटपर्यंत ऐका. तात्यांकडे बघायचं मी टाळलं. लावलं.

पोरं खिदळायला लागली तशी मोठ्या बाईंनी मान खाली घातली. नक्कल संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. ब्रेक वाजला, "धरून बसा" झालं, मी बंद केलं. सगळे भिंतीकडे, छताकडे, कुठेतरी बघत होते.

आणि त्या शांततेत तात्या बोलण्यासाठी तयार झाले. म्हणजे खोकले. दोन लहान, एक मोठा.

पोरीचा बाप फिस्सकन हसला. त्याने तोंड दाबलं, पण मोठ्या बाईंनाही आवरेना, त्यांनी पदराने तोंड झाकलं. तात्या सगळ्यांकडे पाळीपाळीने बघत राहिले. मग त्या मोटारसायकलवाल्याकडे वळले.

"ह्यात फोन कुठं हाय रं?"

तो म्हणाला, "तोंड चालू व्हतं."

"तोंड चालू व्हतं ते मी व्हतो," तात्या म्हणाले. "बोल आता, काय म्हणणं हाय तुझं?"

तो कोपरावरची पट्टी नीट करायला लागला. पोरीचा बाप मात्र म्हणाला, आणि त्याचंही चूक नव्हतं, की चालत्या गाडीत नकला कशाला. मोठ्या बाईंनी ते उचलून धरलं. नक्कल करायची तर गाडी उभी असताना, शाळेच्या फाटकात, चालताना नाही. सुनंदाने मान हलवली. मग बाईंनी विचारलं, "पण कॅमेरा का झाकलात?"

सुनंदा बाईंशीच बोलली, पण ऐकवायचं कुणाला होतं ते सगळ्यांना कळत होतं. डोक्यावर पदर घेतला की आरसा दिसत न्हाई. पदर घेतला न्हाई तर मोठ्यांच्या म्होरं उघड्या डोक्यानं बसल्यागत व्हतं. म्हून डबी झाकली. इतकंच. तात्या खिडकीबाहेर बघत होते. घरी जाताना गाडी तात्यांनी चालवली, सुनंदा मागे बसली, आणि मला वाटलं, गेली किल्ली.

पुढचं मला सुनंदाने नंतर सांगितलं. संध्याकाळी तात्या जेवून सरळ झोपायला गेले. तिने रात्र कशी काढली ते तिचं तिला माहीत. सकाळी अंगणात येऊन बघते तर तात्या गाडीची काच पुसतायत, आणि पुसतायत तो लाल खणाने. तिच्याकडे न बघता ते ओट्यावर बसलेल्या तिच्या सासूला मोठ्याने म्हणाले, "तिला म्हणावं, गाडीत बसल्यावर आरसा बघ. पदर घरात." आणि किल्ली बॉनेटवर ठेवून पाराकडे गेले.

आठवडाभराने तीन खोकले माझ्या दारात. मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

"ह्यातलं चित्र काढून टाक. मला न्हाई बघायचं."

"शाळेची अट आहे तात्या, चित्रण पाहिजे."

"ते राहू दे तिथं. शाळेला बघायचं तर बघू दे. माझ्या फोनात नको. तिला अवघडल्यागत व्हतं." मी सेटिंगमध्ये शोधायला लागलो. चित्र काढलं तसं सगळंच बंद करणार होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. "आवाज राहू दे."

मी वर बघितलं.

"शाळा सुटायच्या टायमाला गाडी फाटकात उभी असती," ते म्हणाले. "तवा ऐकतो जरा. तुझी ती स्पीकरची खूण पुन्हा दाखव. आणि तिला सांगू नको. सांगितलं तर बंद करील ती."

मी दाखवली खूण. पण मला ते बोचत राहिलं. कान कुणाच्या लक्षात राहत नाही म्हणून एवढं रामायण झालं होतं, आणि आता पुन्हा चोरून कान. त्या प्रकरणापासून मी नेम केला होता की डबीत काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते आधी चालवणाऱ्याला सांगायचं, मग मालकाला. तो नेम तात्यांसाठी मोडायचा का? पुढच्या वेळी सुनंदा कार्ड बदलायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. म्हणालो, "ताई, एक सांगतो, मी सांगितलं म्हणू नका. फाटकात गाडी उभी असते ना, तेव्हा..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय. त्या टायमाला मामंजी पारावरून उठून एकटेच बांधाला जाऊन बसत्यात, फोन कानाला लावून. जाऊबाईंनी बघितलं. आणि संध्याकाळी जेवताना पोरांची नावं घेऊन इचारत्यात, अमक्याचा दात पडला का. मी तर घरात बोललेच न्हाई दाताचं."

"मग आता? बंद केलंत का तात्या करायचं?"

तिने नवं कार्ड माझ्या हातातून घेतलं, डबीत बसवलं, आणि काचेवरची धूळ त्या लाल खणाने पुसली.

"बंद कसं करू भाऊ," ती म्हणाली. "खोकला आता थोडा वाढवून काढते. त्यांना हल्ली ऐकायला कमी येतं."